घरच्या घरी जुनी पद्मिनी: मीटर आणि इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट घरी उघडून बसलेली मंडळी गेली काही वर्षं मला प्रश्न पाठवत आहेत. त्यातले बरेचसे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र केले. मी पेशाने मेकॅनिक नाही, रविवारी हात काळे करणारा नोकरदार आहे. आधी मीटरचे प्रश्न, मग इंजिनाचे आणि शेवटी आरटीओचे असा क्रम मुद्दाम ठेवला आहे. का, ते प्रश्न ३ मध्ये आहे. अँबेसेडर, हेराल्ड आणि जीपवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. आरसी बुकात फियाट लिहिलंय, बॉनेटवर प्रीमियर. माझी गाडी नक्की कोणती?

नावं वेगळी, घराणं एकच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७२ नंतर तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. त्याआधीची गोलमटोल ११००-१०३ म्हणजे मुंबईकरांची ‘डुक्कर फियाट’.

पेट्रोल पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिमी, ब्लॉक बिडाचा आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. डिझेल पद्मिनी आणि निसानच्या इंजिनाची ११८ एनई यांना खालची इंजिनाची उत्तरं जशीच्या तशी लावू नका. मीटरची बहुतेक उत्तरं चालतील.

२. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम खरंच जमतं का?

मीटरचं काम जेवणाच्या टेबलावर होतं. घरच्यांना आधी विचारा. इंजिनातलं उघडणं, धुणं, मोजणं आणि परत जुळवणं पार्किंगमध्ये होतं. बोअरिंग, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) घासणं, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि व्हॉल्व्ह सीट बसवणं ही कामं मशीन शॉपचीच. तिथे हात राखू नका.

नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. चार घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घ्या. इंजिन उचलायला चेनकप्पी लागते, पण ती पार्किंगच्या पाइपला किंवा पत्र्याच्या अँगलला अडकवू नका. पायांवर उभी राहणारी क्रेन भाड्याने मिळते. बॅटरीची वायर आधी काढा, पेट्रोल बंद डब्यात ठेवा. काळं ऑइल गटारात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. जुनं ऑइल पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. माझ्या सोसायटीत तक्रार आवाजाची कधीच आली नाही, दोन वेळा आली ती जमिनीवरच्या डागांची. जुना पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा जवळ असू द्या.

३. आधी इंजिन खोलू की आधी मीटर दुरुस्त करू?

मीटर. सगळे उलटं करतात. मीही केलं.

माझ्या गाडीचा तापमानाचा काटा हडपसर ओलांडलं की लाल पट्टीकडे सरकायचा. रेडिएटर गंजलेला होताच, तो बदलला. फरक नाही. वॉटर पंप बदलला. फरक नाही. मग एका जाणत्या माणसाने ठामपणे सांगितलं की हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवलं तर गॅस्केट ठणठणीत. तीन रविवार घालवून परत जुळवलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी परतताना हेडलाइट लावले आणि काटा आणखी एक घर वर चढला. लाइट लावल्याने पाणी तापत नाही! घरी येऊन मीटरच्या मागे हात घातला. अर्थिंगची वायर गंजून नुसती टेकलेली होती. वीतभर नवी वायर जोडली, काटा मधे जाऊन बसला आणि आजवर तिथेच आहे.

तपमान, ऑइलचा दाब, चार्जिंग आणि वेग सांगणारी साधनं खरं बोलतात याची खात्री झाल्याशिवाय इंजिनाबद्दल काहीही ठरवू नका. जो काटा तपासलेला नाही त्याच्या शब्दावर पाना उचलायचा नाही. दोन दिवसांचं काम आहे.

४. मीटरचा संच बाहेर काढताना काय सांभाळू?

बॅटरी सुटी केल्यावर मागून हात घालून स्पीडोमीटरच्या केबलची चाकी मोकळी करा. संच आधी ओढलात तर केबलचं टोक वाकतं. प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून गुंडाळा. तीस-चाळीस वर्षांत वायरींचे रंग इतके मळतात की लाल आणि तपकिरी एकच दिसतात. प्लास्टिकचे खटके ठिसूळ झालेले असतात, म्हणून थंडीतल्या सकाळी ओढाताण करू नका. ऊन खाल्लेलं प्लास्टिक थोडं लवचिक राहतं.

संच परत बसवताना बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थिंगची वायर टाका, मूळची चांगली असली तरी.

५. स्पीडोमीटरचा काटा थरथरतो. मीटर गेलं का?

बहुतेक वेळा मीटर नाही, केबल. या मीटरच्या आत केबलने फिरणारा एक चुंबक असतो आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी, दोघांचा स्पर्श नाही. फिरता चुंबक वाटीला आपल्यामागे ओढू पाहतो, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा थांबतो. केबल कोरडी असेल किंवा कुठे तीव्र वळली असेल तर ती अडते आणि मग सुटते. काटा तेच दाखवतो.

आतली तार बाहेर काढा, पुसा आणि टेबलावर सरळ ठेवून बोटांमध्ये फिरवा. एखाद्या जागी उडी मारली तर ती मुडपली आहे, बदला. चांगली असेल तर हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडची शेवटची वीतभर कोरडी ठेवा. ग्रीस तारेच्या पिळ्यावरून वर चढतं, वाटीत जातं आणि मग खरोखरच मीटर जातं. स्पीडोमीटरमध्ये वरून तेलाचा थेंब सोडणाऱ्यांना मी मनातल्या मनात माफ केलेलं नाही.

६. काटा स्थिर आहे, पण वेग चुकीचा दाखवतो. घरी कसा तपासायचा?

आधी मोबाइलच्या जीपीएसशी ताडा. सरळ रस्त्यावर, शेजारच्याच्या हातात फोन देऊन. मूळ मापापेक्षा वेगळे टायर असतील तर फरक तिथूनच येतो.

टेबलावरची चाचणी अशी. काही डायलवर अगदी बारीक अक्षरांत एक आकडा असतो, केबलचे दर किलोमीटरला किती फेरे ते सांगणारा. तो १००० असेल तर मिनिटाला १००० फेऱ्यांनी केबल फिरवली की काट्याने बरोबर ६० दाखवायला हवेत. वेग बदलता येणारं ड्रिल मशीन आणि फेरे मोजणारं स्वस्त यंत्र पुरतं. फिरण्याची दिशा मात्र आधी गाडीवर पाहून घ्या. आकडा मैलाचा असेल तर हिशोब बदलतो: मैलाला १००० म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१.

काटा कमी दाखवत असेल तर चुंबकाचा जोर ओसरला आहे किंवा धुरी कोरडी पडली आहे. जास्त दाखवत असेल तर स्प्रिंग मऊ झाली आहे किंवा वाटीत ग्रीस आहे. ग्रीस तुम्ही साफ करू शकता. चुंबक आणि स्प्रिंग मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

७. किलोमीटरचे आकडे अडकलेत. आणि सगळं नवं केल्यावर ते शून्यावर आणू का?

अडकण्याचं कारण बहुधा एखादं दातेरी चाक तडकलेलं असतं. दुसऱ्या मोडक्या मीटरमधून ते मिळतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे मीटर ढिगात सापडतात. आकड्यांची चाकं ओली करून पुसू नका, छापलेले आकडे जातात.

शून्यावर आणू नका. उद्या गाडी विकली तर ती फसवणूक ठरते. बदललेलं मीटर वेगळा आकडा दाखवत असेल तर जुन्याचा फोटो तारखेसह जपून ठेवा.

८. पेट्रोलचा काटा कायम रिकामा (किंवा कायम भरलेला) दाखवतो. काय करू?

दोष तीन ठिकाणी असू शकतो: काटा, वायर किंवा टाकीतला तरंगता सेंडर (पातळी मोजून मीटरला कळवणारा भाग). टाकीपाशी ठिणग्या पाडत चाचण्या करू नका, मीटरच्या बाजूने सुरुवात करा. सेंडरची वायर मीटरमागून काढा. काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग त्याच खुंटीवरून दहा ओहमच्या जाड रेझिस्टरमधून क्षणभर बॉडीला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर चांगलं. कुठलं टोक कशाचं हे मीटरच्या जातीवर आहे, म्हणून तुम्ही बघायचं ते काटा हलतो का एवढंच.

मीटर चांगलं निघालं तर सेंडर बाहेर काढा. टाकी आधी रिकामी करा. मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू वरखाली करा. ओहमचा आकडा सलग बदलला पाहिजे. मधे उड्या मारत असेल तर आतली पट्टी घासली आहे किंवा मळली आहे. पितळी तरंग कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर भोक आहे. तो पूर्ण रिकामा होऊन वास जाईपर्यंत काही दिवस उघड्यावर ठेवा आणि मगच डाख द्या. पेट्रोल असलेल्या डब्याजवळ डाखाची तापलेली इस्त्री नेणं म्हणजे बॉम्ब तयार करणं.

फसवणारा एक प्रकार सांगतो, दर दोन महिन्यांनी कोणीतरी यात अडकतं. टाकी सुंदर रंगवून आणली, नवं रबरी गॅस्केट घातलं, आणि काटा मेला. सेंडरला अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून मिळत असतं आणि रंगाने ते तोडलेलं असतं. सेंडरच्या एका स्क्रूपासून बॉडीपर्यंत वायर टाका.

९. तापमानाचा काटा खरा आहे की खोटा, कसं कळेल?

उकळत्या पाण्यात. पण आधी जात ओळखा. मीटरमागून बारीक तांब्याची नळी थेट इंजिनापर्यंत जात असेल तर तो नळीचा मीटर. नळीत इथर असतं. ही नळी कापायची नाही, पिळायची नाही, लांब पडली तर गुंडाळी करून ठेवायची. साधी वायर जात असेल तर विजेचा. विजेच्या मीटरचा सेंडर काढून वायर जोडलेली ठेवा आणि त्याच्या धातूच्या अंगाला बॉडीचं अर्थिंग द्या. मग दोन्ही प्रकारांत टोक पाण्याच्या भांड्यात सोडा. शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर. काटा कुठे काय दाखवतो ते लिहून ठेवा.

उकळणारं पाणी म्हणजे १०० अंश हे मुंबईत ठीक. पुण्यात ते ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. मीटर दोन अंश कमी दाखवतो म्हणून बदलायला निघालेल्या एका पुणेकराचा प्रश्न मला आला होता. मीटर बरोबर होता.

१०. पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतात. दोन्ही मीटर एकाच दिवशी कसे बिघडले?

बिघडले नाहीत. दोघांचं जे सामाईक आहे ते बिघडलंय. पद्मिनीत पहिला संशय अर्थिंगवर (प्रश्न ३). हेराल्डसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत मीटरमागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती बारा व्होल्टचे सरासरी दहा करून दोन्ही मीटरना देते. आत गरम होऊन उघडझाप करणारी पट्टी असल्याने मल्टिमीटरवर आकडा नाचताना दिसतो. तो नाचायलाच हवा. नाचत नसेल आणि सरळ बारा दिसत असतील तर डबी चिकटली आहे किंवा तिचं अर्थिंग गेलं आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या ७८१० या तीन पायांच्या आयसीने तिची जागा भागते. फक्त जुन्या, बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या गाडीत तो तसाच बसवू नका, जळेल.

११. पद्मिनीत ऑइलचा फक्त दिवा आहे. दाबाचं मीटर लावू का?

इंजिन नवं केलं असेल तर निदान पहिल्या हजार किलोमीटरांसाठी जरूर लावा. दिवा लागतो तो दाब अगदी तळाला गेल्यावर, तोवर बेअरिंगचं व्हायचं ते झालेलं असतं. दिव्याच्या स्विचच्या जागी टी-जोड बसवून स्विच आणि मीटर दोन्ही लावता येतात. नळी तांब्याची घ्या. प्लास्टिकची नळी मॅनिफोल्डजवळ (इंजिनाचा तापणारा धुराचा पाइप) वितळली की गरम ऑइल फवारतं. ढोबळ अंदाज म्हणून गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय (दाबाचं माप) मिळाले तर झोप लागायला हरकत नाही.

१२. डायलची अक्षरं फिकट झालीत, काच पिवळी पडलीय. साफ कशी करू?

काच काढा, साबणाच्या पाण्याने धुवा. डायलवर मात्र थिनर, स्पिरिट, काच पुसायचा फवारा, काहीही नको. मऊ कोरडा ब्रश, फार तर ओलसर कापसाचा बोळा. अक्षरं गेलीच असतील तर साफ करण्याआधीच सपाट स्कॅन करा. त्यावरून कुठलाही चांगला स्क्रीन प्रिंटिंगवाला नवी डायल छापून देतो. काट्याचा नारिंगी रंग मी भरत नाही. तो थोडा विटलेलाच बरा दिसतो, पण हे मत झालं.

युद्धकाळातल्या जीपचं मीटर आहे, आकडे हिरवट-तपकिरी आहेत. तेही असंच? हा उपप्रश्न मुद्दाम वेगळा ठेवला. नाही! त्या काळातल्या काही मीटरांवर रेडियमचा रंग असे. तो आता चमकत नसला तरी किरणोत्सारी आहे आणि त्याची पूड श्वासातून जाणं सर्वांत वाईट. काच उघडू नका, खरवडू नका, जसं आहे तसं ठेवा.

१३. मीटरच्या दिव्यांत एलईडी टाकले तर?

उजेडाच्या दिव्यांत टाका, उष्णता कमी होते आणि प्लास्टिक वाचतं. चार्जिंगच्या लाल दिव्यात टाकू नका. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. एलईडी तेवढा करंट जाऊ देत नाही आणि अल्टरनेटर जागाच होत नाही. ‘दिवे बदलले आणि बॅटरी उतरायला लागली’ असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच उत्तर असतं.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर जुना अँपियर मीटर तपासा. सगळा चार्जिंग करंट त्यातून जातो आणि तो ३० अँपियरचा असेल तर तापतो. त्याऐवजी व्होल्टमीटर लावा.

१४. गाडी दहा वर्षं उभी आहे. चावी फिरवून बघू का?

नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरा. मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर नको, आणखी ऑइल आणि आणखी दिवस. गिअरमध्ये टाकून ढकलायची तर मुळीच नाही, गंजलेली रिंग सिलिंडर ओरबाडते.

फिरायला लागलं की जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टाकीतला गंज पाहा, पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या बदला. मग प्लग न लावता स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझतो म्हणजे काय हे कळण्यासाठी तो आधी तपासलेला हवा (प्रश्न ३).

१५. धूर येतोय. मेकॅनिक ‘फुल इंजिन’ करा म्हणतो. ‘हाफ’ पुरेल का?

आपल्याकडे हाफ म्हणजे हेड, व्हॉल्व्ह आणि रिंगा, फुल म्हणजे त्यात बोअर आणि क्रँकही. ठरवायला धुराचा रंग आणि वेळ दोन्ही बघा. काळा धूर पेट्रोलचा आहे, कार्बोरेटर आणि चोककडे जा, इंजिन उघडू नका. पांढरा धूर सतत आणि पाणीही कमी होतंय तर गॅस्केट. निळा म्हणजे ऑइल. उतारावर पाय काढून परत अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड. चढावर सतत निळा आला तर रिंगा किंवा बोअर.

मग कंप्रेशन मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार सिलिंडरांतला आपसातला फरक दाबाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांत असेल तर ठीक. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते न करता ‘फुल’ म्हणणाऱ्याला आधी मोजायला सांगा. क्रँक मात्र दाबावरून ठरतो. गरम इंजिनात ऑइलचा दाब पडत असेल आणि खालून ठकठक येत असेल तर हाफवर पैसे घालू नका.

१६. पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे शेल कुठे मिळतात? इटलीहून मागवू का?

मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्या आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ. दुकानदाराला मॉडेलचं नाव सांगू नका, जुना पार्ट हातात द्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्सीमुळे पार्टना जी मागणी होती ती तिच्याबरोबर गेली, म्हणून चांगला पार्ट दिसला की घेऊन ठेवा.

इटलीहून मागवताना सावध. तिकडची ११०० डी १२२१ सीसीची होती: स्ट्रोक तोच ७५, पण बोअर ७२. नाव तेच, पिस्टन वेगळा. आपल्याला ६८ हवा.

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. आधी पिस्टन, मग त्याला मोजून बोअर. उलटं केलेले दोन ब्लॉक मी पाहिले, दोन्हींना स्लीव्ह बसवावी लागली.

१७. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे म्हणून वेगळं काय?

खूप काही. गरम असताना बोल्ट सोडायचे नाहीत, हेड वाकतं. रात्रभर थंड होऊ द्या. उतरवल्यावर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून खालून फिलर गेज घाला. ०.०५ मिमीची पाती कुठे सरकत असेल तर मशीन शॉपला दाखवा. फेसिंग लागेल तेवढीच घ्या, जास्त घासलं की कंप्रेशन वाढतं आणि इंजिन खडखडायला लागतं. आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याने. ‘हाताचा अंदाज’ बिडाच्या हेडवर खपून जातो, इथे आटे निघतात.

पाणी हा खरा शत्रू. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम आणि मधे बोअरवेलचं जड पाणी, म्हणजे गंज आणि क्षार दोन्ही. शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरा, डिसेंबरमध्ये नागपूरला गोठणार नाही हे मान्य असलं तरी. कूलंट गंजासाठी आहे.

‘आपल्याकडे थंडी कुठे’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची प्रथाही सोडा. त्याच्याविना इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर झिजतं. थर्मोस्टॅट प्रश्न ९च्याच भांड्यात तपासता येतो.

१८. जुळवताना नवशिके कुठे चुकतात?

कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल. काढण्यापूर्वी खुणा करा, दिशेसकट. रिंगेच्या फटी एका रेषेत ठेवणं ही दुसरी चूक, तिसरी रिंगेची फट न मोजणं. ६८ मिमीच्या बोअरला साधारण ०.२५ ते ०.३५ मिमी फट हवी. अगदी बंद असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. डिस्ट्रिब्युटरच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने. क्रँक घासून आणला असेल तर त्यातल्या ऑइलच्या वाटा तुम्ही स्वतः धुवा. ‘धुवूनच दिलाय’ यावर विश्वास ठेवू नका.

१९. कुठलं ऑइल घालू? पहिला स्टार्ट कसा?

२०डब्ल्यू-५० मिनरल. महागडं पातळ सिंथेटिक नको. कारण फक्त जाडी नाही. या इंजिनात कॅम थेट टॅपेटवर घासतो आणि त्याला जस्त-फॉस्फरसचं संरक्षण लागतं. नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी केलेलं असतं, २०डब्ल्यू-५० ला तशी मर्यादा नाही.

नवा कॅम असेल तर सुरू झाल्या झाल्या २००० फेऱ्यांवर वीस मिनिटं चालवा, रिकाम्या वेगावर डुलत ठेवू नका. म्हणून टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच तयार हवं. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदला. तोवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नको, पण म्हातारीसारखीही चालवू नका. थोडा भार दिल्याशिवाय रिंगा बसत नाहीत.

२०. आताच्या पेट्रोलचं काय? शिसं गेलं, इथेनॉल आलं.

देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आहे. मऊ सीटवर शिशाचा थर व्हॉल्व्हला गादीचं काम करायचा. हेड उघडलंच असेल तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. नुसतं त्यासाठी हेड उघडू नका. टॅपेटची फट वारंवार कमी होताना दिसली तर मात्र सीट खचते आहे.

इथेनॉलचा त्रास जास्त रोजचा आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, पंपाचा पडदा आणि नळ्या जातात. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज. मिश्रणही पातळ पडतं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक पायरी मोठा लागू शकतो. प्लगचा रंग पाहून ठरवा. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

२१. इंजिन नवं केलं तर आरटीओला सांगावं लागतं का? व्हिंटेज नंबर घेऊ का?

बोअरिंग, पिस्टन, हेड या दुरुस्त्या आहेत, नंबर तोच राहतो, सांगावं लागत नाही. दुसरा ब्लॉक बसवला तर इंजिन नंबर बदलतो आणि तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. म्हणून तडकलेला ब्लॉकही भंगारात देण्याआधी दहादा विचार करा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारला फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या हलक्या वाहनांना १०,०००. पर्यावरण कर वेगळा.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी चालते. फी २०,०००, दहा वर्षांसाठी, नूतनीकरण ५,०००, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच बाहेर काढायची, रोज ऑफिसला नाही. मला भाजी आणायलाही तीच गाडी लागते, म्हणून मी साधी नोंदणीच ठेवली.

२२. सगळं नवं केलं, तरी मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू. आता काय?

काटा पाहा. बंद पडली तेव्हा तापमानाचा काटा लाल पट्टीत असेल तर गाडी तापली आहे. फॅनचा पट्टा, रेडिएटर आणि टायमिंग त्या क्रमाने बघा, आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. काटा मधेच असेल तर पाणी ठीक आहे आणि पेट्रोलची वाफ झाली आहे. पंप इंजिनाला चिकटून बसलेला, नळी मॅनिफोल्डजवळून गेलेली, त्यात इथेनॉलने पेट्रोल आणखी उडनशील. पंप वाफ ओढत बसतो.

कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून लांब वळवणं आणि पंप व ब्लॉक यांच्यामधली उष्णतारोधक गादी जाग्यावर आहे का ते पाहणं. कोणीतरी कधीतरी ती काढलेली असते. गादी पंपाच्या दांडीच्या मापाशी जुळणारीच घ्या, जाड घातली तर पंप पुरेसा ढकलला जात नाही. घाटातला उपाय जुन्या टॅक्सीवाल्यांचा: पंपावर ओलं फडकं आणि वर बाटलीतलं थोडं थोडं पाणी. डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नका. फडकं मी डिकीत स्टेपनीच्या बाजूला ठेवतो.